आठ कामकाजी दिवस म्हणजे नेमकी कोणती तारीख?

सोमवार, २५ ऑगस्ट २०२५ रोजी एका ग्राहकाची तक्रार नोंदवली गेली. करारात अट अशी की, तक्रार आलेला दिवस सोडून आठ कामकाजी दिवसांत तिचा निकाल लावायचा. मुदत कधी संपते?

तक्रार मुंबईतल्या बँकेकडे असेल तर गुरुवारी, ४ सप्टेंबरला. २७ ऑगस्टची गणेश चतुर्थी वगळली जाते, पण ३० ऑगस्टचा शनिवार महिन्यातला पाचवा होता. बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात, पाचव्या शनिवारी उघड्या असतात. तीच तक्रार मुंबईतल्या, शनिवार-रविवार बंद असणाऱ्या आणि सरकारी सुट्ट्या पाळणाऱ्या एका कंपनीच्या कचेरीकडे असेल तर मुदत शुक्रवारी, ५ सप्टेंबरला संपते. त्याच कंपनीच्या पुण्यातल्या कचेरीत ती सोमवारी, ८ सप्टेंबरला संपते, कारण त्या वर्षी ईद-ए-मिलादची सुट्टी राज्यभर ५ सप्टेंबरला होती, फक्त मुंबई शहर आणि उपनगर या दोन जिल्ह्यांत अनंत चतुर्दशीमुळे ती ८ तारखेला हलवली होती. आणि भोसरीतल्या कारखान्यात, जिथे साप्ताहिक सुट्टी गुरुवारची आणि शनिवार-रविवार दोन्ही कामाचे, तिथे गणेश चतुर्थीसोबत २८ ऑगस्ट आणि ४ सप्टेंबर हे दोन गुरुवारही गळतात. त्या कारखान्याच्या यादीत ईदची सुट्टी नाही असे धरले तर मुदत पुन्हा ५ सप्टेंबरलाच येते, पण वेगळ्या कारणाने.

म्हणजे तक्रारीची तारीख तीच, नियमाची भाषा तीच, आणि उत्तरे तीन. एक्सेल, पॉवर बीआय, टॅब्लो किंवा दुसरे कोणतेही रिपोर्टिंग सॉफ्टवेअर यातले बरोबर उत्तर स्वतःहून शोधू शकत नाही. सोमवारनंतर मंगळवार येतो हे पंचांगाला माहीत असते, तुमची संस्था त्या मंगळवारी काम करते की नाही हे माहीत नसते. कामकाजाचा दिवस हा संस्थेने घेतलेला निर्णय आहे, आणि तो निर्णय फॉर्म्युल्यात दडवून न ठेवता एका टेबलमध्ये, सगळ्यांना वाचता येईल असा लिहून ठेवावा, एवढाच या लेखाचा आग्रह आहे. ज्यांच्या एमआयएस रिपोर्टवर कुणाचा दंड, कुणाचे मूल्यमापन किंवा कुणाचे थकलेले पैसे ठरतात, त्यांनी हे काम मनापासून करावे. एका दिवसाच्या चुकीने एखाद्या कर्मचाऱ्याच्या नावापुढे ‘मुदतबाह्य’ असा शेरा लागतो, आणि तो शेरा खोडायला कुणी मागे जात नाही.

आधी प्रश्न पक्का करा

सॉफ्टवेअर उघडण्याआधी ज्या कागदातून ही मुदत आली तो कागद वाचा. ‘दिवस’ लिहिले आहे की ‘कामकाजी दिवस’? फरक मोठा आहे. एटीएममधून पैसे न येता खात्यातून रक्कम वजा झाली, तर ती परत करण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०११ मध्ये तक्रारीपासून ७ कामकाजी दिवस ठरवले होते. सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने ती मुदत व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवस अशी केली, आणि हे दिवस पंचांगाचे, म्हणजे रविवार-सणवार धरून. मुदतीनंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई असते. नियम बदलला तेव्हा आकडा आणि एकक दोन्ही बदलले, मोजणीची सुरुवातही तक्रारीवरून व्यवहारावर आली. जुन्या रिपोर्टात नुसते ७ चे ५ केले असते तर सगळी मोजणी चुकली असती. माहिती अधिकार कायद्यातले ३० दिवसही साधे दिवस आहेत, आणि लघुउद्योजकांच्या बिलांसाठी २००६ च्या कायद्याने घातलेली ४५ दिवसांची कमाल मर्यादाही तशीच. अशा ठिकाणी कामकाजी दिवस मोजणे ही चूकच ठरेल. उलट शेअर बाजारात २७ जानेवारी २०२३ पासून सर्व समभागांना लागू झालेली ‘टी अधिक एक’ पद्धत, म्हणजे सौद्याच्या पुढच्या दिवशी व्यवहार पूर्ण करणे, बाजाराच्या आणि क्लिअरिंगच्या कामाच्या दिवसांवर चालते.

दुसरा प्रश्न, पहिला दिवस धरायचा की सोडायचा. आपल्याकडे १८९७ च्या सर्वसाधारण वाक्यखंड अधिनियमाचे कलम ९ सांगते की कायद्यात ‘अमुक दिवसापासून’ असे शब्द असतील तर तो पहिला दिवस वगळला जातो. पण खाजगी करारात दोघांनी काय ठरवले हे महत्त्वाचे. ठरवलेच नसेल तर आजच विचारून घ्या आणि ईमेलवर लेखी मागा.

तिसरा, शेवटचा दिवस सुट्टीचा निघाला तर काय. यात तर दोन जुने कायदे दोन विरुद्ध दिशांना जातात. त्याच १८९७ च्या अधिनियमाचे कलम १० म्हणते, कचेरी बंद असेल तर पुढच्या उघड्या दिवशी केलेले काम मुदतीत धरावे. मात्र १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम २५ सांगते की वचनचिठ्ठी किंवा हुंडी सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी पक्व होत असेल तर ती आधीच्या कामाच्या दिवशी देय ठरते. एका ठिकाणी मुदत पुढे सरकते, दुसऱ्या ठिकाणी मागे. तुमच्या रिपोर्टात देय तारीख पुढे ढकलणारा फॉर्म्युला बसवताना ती कोणत्या प्रकारची तारीख आहे हे पाहावेच लागते.

आणि चौथा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही: कामकाजी म्हणजे कुणाच्या कामाचा? एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, बाराही महिने चालू आहेत. शाखा बंद असताना पैसे जमा होतात. तेव्हा पैसे मिळायला किती दिवस लागले हे मोजताना शाखेची सुट्ट्यांची यादी वजा करण्यात अर्थ नाही, शाखेतल्या माणसाला किती दिवस मिळाले हे मोजताना मात्र ती हवीच.

एक्सेलचा नेटवर्कडेज आणि त्याचे स्वभाव

बहुतेकांची सुरुवात एक्सेलच्या नेटवर्कडेज या फंक्शनपासून होते. सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख आणि सुट्ट्यांची यादी दिली की ते शनिवार, रविवार आणि यादीतल्या तारखा वगळून आकडा देते. २०१० च्या आवृत्तीपासून त्याचा थोरला भाऊ आला, नेटवर्कडेज डॉट इंटल. त्याला साप्ताहिक सुट्टी कोणती हे सांगता येते: ११ दिले तर फक्त रविवार, १५ दिले तर फक्त गुरुवार, ७ दिले तर शुक्रवार-शनिवार. आकड्यांऐवजी सोमवारपासून सुरू होणारी सात अंकांची ओळही देता येते, त्यात सुट्टीच्या वाराला १ आणि कामाच्या वाराला ०. भोसरीच्या गुरुवारसाठी ती ओळ ‘०००१०००’ अशी होईल, अर्थात एक्सेलमध्ये इंग्रजी अंकांत आणि अवतरणचिन्हांत. गूगल शीट्समध्ये हीच फंक्शने याच नावांनी आहेत. पॉवर बीआयमध्ये नेटवर्कडेज जुलै २०२२ मध्ये आले. त्याआधी तिथे सगळे कॅलेंडर टेबलवरच चालायचे. टॅब्लोमध्ये असे तयार फंक्शन नाही. तिथे डेटडिफ आहे, पण ते सुट्ट्या ओळखत नाही.

नेटवर्कडेज दोन्ही टोके धरून मोजते. सोमवारी आलेले काम सोमवारीच संपले तर उत्तर १ येते, ० नाही. पहिला दिवस सोडायचा म्हणून बरेच जण उत्तरातून सरळ १ वजा करतात. काम सोमवार ते शुक्रवारच्या दरम्यान, सुट्टी नसलेल्या दिवशी आले तर हे चालते. पण काम शनिवारी नोंदले गेले आणि सोमवारी संपले, तर नेटवर्कडेज १ देते, त्यातून १ वजा केला की ०. खरे उत्तर मात्र १ आहे, कारण शनिवार मुळात मोजलेलाच नव्हता, मग तो वजा कशातून करायचा? या चुकीचा फायदा नेहमी काम करणाऱ्यांच्या बाजूने जातो आणि ग्राहकाची वाट पाहण्याची वेळ कमी दिसते, म्हणून ती वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात येत नाही.

यावरचा उपाय म्हणून सुरुवातीच्या तारखेत १ मिळवून मोजणारेही आहेत. विचार योग्य आहे, फक्त त्याच दिवशी संपलेल्या कामावर तो फसतो. सोमवारचे काम सोमवारी संपले की फंक्शनकडे मंगळवार ते सोमवार अशी उलटी जोडी जाते. तारखा उलट्या असल्या की नेटवर्कडेज ऋण आकडा देते, तोही दोन्ही टोके धरून, म्हणजे उणे २. शून्य यायला हवे तिथे उणे २ आले की महिन्याची सरासरी खाली घसरते, आणि काम झपाट्याने होत असल्याचा भास होतो. दोन्ही तारखा एकच असतील तर थेट ०, एवढी अट आधी घालून मगच पुढची मोजणी करा.

अजून न संपलेल्या कामाची शेवटची तारीख रिकामी असते. एक्सेल रिकाम्या खान्याला शून्य समजते आणि तारखांची मोजणी तिथे १९०० सालापासून सुरू होते, त्यामुळे उत्तर उणे बत्तीस हजारांच्या घरात जाते. आकडा इतका विचित्र असतो की तो डोळ्यांना दिसतो, हे एका अर्थी बरेच. पण तीच ओळ हजार ओळींच्या बेरजेत गेली की दिसत नाही. पेंडिंग कामांसाठी आजची तारीख घ्या आणि ती संख्या ‘आजवरचे वय’ म्हणून वेगळ्या कॉलमात दाखवा. संपलेल्या कामांच्या सरासरीत ती मिसळू नका.

दुसरा आणि चौथा शनिवार

भारतातल्या बँकांची मोजणी तयार फंक्शनच्या हाती देता येत नाही याचे मुख्य कारण हे शनिवार. १ सप्टेंबर २०१५ पासून बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद, बाकीच्या शनिवारी पूर्ण दिवस चालू. नेटवर्कडेज डॉट इंटलला आठवड्याचा साचा कळतो, महिन्याचा नाही. तेव्हा साप्ताहिक सुट्टी फक्त रविवार ठेवायची आणि दुसरे-चौथे शनिवार सणांच्या यादीतच घालायचे.

ते हाताने लिहायची गरज नाही. महिन्याचा दुसरा शनिवार नेहमी ८ ते १४ तारखांच्या दरम्यान येतो आणि चौथा २२ ते २८ च्या दरम्यान, महिना कोणताही असो. म्हणून वार शनिवार आणि तारखेचा आकडा या दोन पट्ट्यांपैकी एकात, एवढी अट पुरते. शनिवार मोजत बसणारे लांबलचक फॉर्म्युले पाहायला मिळतात, त्यांची आवश्यकता नाही.

महाराष्ट्र शासनाच्या कचेऱ्यांतही पूर्वी दुसरा आणि चौथा शनिवारच सुट्टीचा होता. २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आला आणि सगळे शनिवार सुटले. तो दिवस स्वतः शनिवारच होता. आता एखाद्या खात्याची २०१८ पासूनची प्रकरणे रिपोर्टात असतील आणि फॉर्म्युल्यात नुसता ‘शनिवार-रविवार’ असा साचा असेल, तर २०२० पूर्वीच्या प्रत्येक प्रकरणातून कामाचे शनिवार नाहीसे होतील आणि जुना कारभार होता त्यापेक्षा वेगवान दिसेल. आखातातल्या कचेऱ्यांशी व्यवहार असणाऱ्यांना ही अडचण अधिक जाणवते. सौदी अरेबियाने जून २०१३ मध्ये साप्ताहिक सुट्टी गुरुवार-शुक्रवारवरून शुक्रवार-शनिवारवर आणली. संयुक्त अरब अमिरातीने १ जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवार अर्धा दिवस केला, आणि त्यातही शारजाने शुक्रवारपासून तीन दिवस सुट्टी ठरवली. पुण्यातून आखातात बिले पाठवणाऱ्या कंपनीला ही तिन्ही कॅलेंडरे एका रिपोर्टात लागू शकतात.

आणखी एक गोष्ट कोणत्याही तयार फंक्शनला जमत नाही: सुट्टीच्या वारी आलेला कामाचा दिवस. शनिवार, २० जानेवारी २०२४ रोजी शेअर बाजार पूर्णवेळ चालू होता आणि सोमवारी, २२ तारखेला, अयोध्येतल्या प्राणप्रतिष्ठेच्या दिवशी, बंद. अर्थसंकल्पामुळे १ फेब्रुवारी २०२५ च्या शनिवारीही बाजार उघडा होता. कारखान्यांत सणाची सुट्टी भरून काढायला साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी काम चालते, ते याच जातीचे. नेटवर्कडेजला सुट्ट्यांची यादी देता येते, जादा कामाच्या दिवसांची यादी देण्याची सोयच नाही.

कॅलेंडर टेबल आणि त्यातला चढता क्रमांक

म्हणून टेबल करा. त्यात प्रत्येक कॅलेंडरसाठी प्रत्येक तारखेला एक ओळ असावी, एकही दिवस न गाळता, तुमच्या सर्वात जुन्या प्रकरणाच्या आधीच्या वर्षापासून ते पुढच्या किमान दोन वर्षांपर्यंत. कॉलम थोडेच लागतात: तारीख, वार, कोणते कॅलेंडर (बँक, मुंबई कचेरी, पुणे कचेरी, भोसरी कारखाना), कामाचा दिवस आहे का (१ किंवा ०), नसेल तर कारण, आणि शेवटी चढता क्रमांक.

हा चढता क्रमांक म्हणजे त्या तारखेपर्यंत आलेल्या कामाच्या दिवसांची एकत्रित बेरीज. कामाच्या दिवशी तो एकाने वाढतो, सुट्टीच्या दिवशी आदल्या दिवसाचाच राहतो. पाच दिवसांच्या मुंबई कचेरीत सोमवार, २५ ऑगस्ट २०२५ चा क्रमांक १०० आहे असे समजा. मंगळवारी १०१. बुधवारी गणेश चतुर्थी, म्हणून १०१ च. गुरुवारी १०२, शुक्रवारी १०३, शनिवार-रविवारीही १०३. १ सप्टेंबरला १०४, मग १०५, १०६, १०७, आणि शुक्रवारी, ५ सप्टेंबरला १०८. आता दोन तारखांमधले कामकाजी दिवस म्हणजे त्यांच्या क्रमांकांतला फरक: १०८ वजा १००, बरोबर ८. पहिला दिवस आपोआप सुटतो. त्याच दिवशी संपलेल्या कामाला ० येतो. शनिवारी आलेल्या कामाकडे शुक्रवारचाच क्रमांक असल्याने सोमवारी ते संपले की फरक १ येतो, जो योग्य आहे. वर सांगितलेले सापळे इथे मुळात उरतच नाहीत. पहिला दिवस धरून मोजायचे असेल, तर सुरुवातीची तारीख कामाचा दिवस आहे का या कॉलममधला १ किंवा ० मिळवा.

उलटा प्रश्नही याच टेबलमधून सुटतो. आठ दिवसांनंतरची तारीख हवी तर १०० मध्ये ८ मिळवा आणि १०८ क्रमांक असलेली सर्वात आधीची तारीख शोधा. ती नेहमी कामाचीच निघते, कारण नवा क्रमांक कामाच्या दिवशीच जन्माला येतो. अर्ध्या दिवसाची पद्धत असेल तर १ ऐवजी ०.५ लिहिता येईल, पण मग मुदत मोजताना अर्धा दिवस पूर्ण धरायचा की नाही हे आधी ठरवावे लागेल. मी तरी मुदतीच्या मोजणीत तो पूर्ण धरावा असेच सुचवेन. अर्ध्या दिवसांच्या हिशेबातून निघणारी तारीख ग्राहकाला समजावून सांगणे कठीण जाते.

पॉवर बीआयमध्ये सुरुवातीच्या आणि शेवटच्या तारखेचे क्रमांक लुकअपव्हॅल्यूने दोन कॉलमांत आणा आणि वजाबाकी करा. दोन टेबलांमध्ये एका वेळी एकच नाते सक्रिय असते, त्यामुळे दोन्ही तारखांना एकाच कॅलेंडरशी जोडून आपोआप उत्तर मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. टॅब्लोमध्ये आणि एसक्यूएलमध्ये कॅलेंडर टेबल दोनदा जोडा, एकदा सुरुवातीच्या तारखेवर आणि एकदा शेवटच्या, दोन्ही वेळा कॅलेंडरचे नाव जुळवून. एक्सेलमध्ये एकाच कॅलेंडरच्या टेबलवर साधा व्हीलुकअप पुरतो, फक्त नेमकी जुळणी मागायला विसरू नका. काही लाख ओळींवर प्रत्येक वेळी सुट्ट्या मोजणाऱ्या फॉर्म्युल्यापेक्षा ही वजाबाकी कितीतरी हलकी असते. रिपोर्ट उघडायला वेळ लागतो ही तक्रारही त्याने बरीच कमी होते.

सुट्ट्यांची यादी कोण भरणार

टेबल तयार करणे सोपे, ते जिवंत ठेवणे अवघड. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम २५ खालच्या सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना राज्य शासन दरवर्षी काढते. रिझर्व्ह बँकेची यादी शहरागणिक वेगळी असते. शेअर बाजाराची त्याहून निराळी, आणि तिच्यात लक्ष्मीपूजनाचा दिवस सुट्टीचा असूनही तासाभराचे मुहूर्ताचे सौदे होतात. खाजगी आस्थापनांना महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्याने वर्षाला आठ पगारी सणांच्या सुट्ट्या द्याव्या लागतात: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मालक-कर्मचाऱ्यांनी मिळून ठरवलेल्या आणखी चार. या शेवटच्या चार तुमच्या मनुष्यबळ विभागाशिवाय कुणीच सांगू शकत नाही. म्हणून इंटरनेटवरून उतरवलेली ‘भारतातील सुट्ट्या’ ही यादी तशीच चिकटवू नका. मनुष्यबळ विभागाकडून सहीची यादी घ्या.

वर्षाच्या मध्येही दिवस बदलतात. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेच्या मतदानाची सुट्टी आली. ईदची तारीख चंद्रदर्शनावर हलते. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्ट्या जाहीर करतात. बदल झाला की टेबलमधली ओळ बदला आणि शेजारी कोणी, कधी, कोणत्या परिपत्रकावरून बदलली ते लिहा. पण ग्राहकाला आधी कळवलेली मुदत मात्र नव्याने मोजू नका. ज्या दिवशी कळवली त्या दिवशीच ती प्रकरणाच्या ओळीत स्वतंत्र कॉलमात साठवून ठेवा. नंतर सुट्टी वाढली म्हणून रिपोर्टातली जुनी मुदत आपोआप पुढे सरकली, तर ग्राहकाच्या हातातले पत्र आणि तुमचा रिपोर्ट यांत दोन वेगळ्या तारखा दिसतील, आणि वादात पत्रच ग्राह्य धरले जाईल.

यादी भरताना तारखेचा क्रम तपासा. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर ०२/१०/२०२५ हे १० फेब्रुवारी म्हणून साठते. १० फेब्रुवारी २०२५ सोमवार होता. म्हणजे गांधी जयंती कामाची ठरते आणि फेब्रुवारीतला एक सोमवार निमूटपणे सुट्टीचा होतो. १५/०८/२०२५ ला पंधरावा महिना नसल्याने ते अक्षरे म्हणूनच राहते. एक्सेलमध्ये खरी तारीख खान्याच्या उजवीकडे आणि अक्षरे डावीकडे सरकलेली दिसतात, कॉलमवरून एकदा नजर फिरवली तरी हे सापडते. यादी देताना तारखेसोबत वारही लिहून मागा. वार आणि तारीख जुळली नाहीत की चूक तिथेच पकडता येते.

मध्यरात्र ते साडेपाच

क्लाउडवरचे अनेक डेटाबेस वेळ यूटीसीमध्ये साठवतात, आणि भारताची वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. सोमवारी पहाटे ३ वाजता मोबाइल ॲपवरून आलेली तक्रार तिथे रविवारी रात्री साडेनऊची म्हणून नोंदते. नुसती तारीख कापून घेतली तर ती रविवारची ठरते. साडेपाच तास आधी मिळवा, तारीख नंतर कापा. पॉवर बीआयच्या ऑनलाइन सेवेत ‘टुडे’ हे फंक्शनही यूटीसीचीच तारीख देते, त्यामुळे पहाटे पाचला उघडलेल्या रिपोर्टात पेंडिंग कामांचे वय एका दिवसाने कमी दिसू शकते.

डेटडिफला दिवस मोजायला सांगितले की ते किती मध्यरात्री ओलांडल्या एवढेच पाहते. रात्री ११:५९ ला आलेले आणि १२:०१ ला संपलेले काम त्याच्या मते एका दिवसाचे. म्हणून संध्याकाळी कचेरी बंद झाल्यावर आलेली तक्रार कोणत्या दिवसाची धरायची याची वेळ ठरवून द्या. सहानंतर आलेले काम पुढच्या कामाच्या दिवशी आले असे धरायचे असेल, तर ती दुरुस्त तारीख वेगळ्या कॉलमात ठेवा आणि मूळ वेळ जशीच्या तशी राहू द्या. मूळ नोंदीवर कधीही लिहू नये.

रिपोर्ट पुढे पाठवण्याआधी

काही जोड्यांची उत्तरे कागदावर, भिंतीवरचे कॅलेंडर समोर ठेवून काढा आणि मग सॉफ्टवेअरच्या उत्तरांशी ताडून पाहा. त्याच दिवशी सुरू आणि संपलेले काम. शुक्रवार ते सोमवार. शनिवार ते रविवार. ३१ डिसेंबर ओलांडणारे. २९ फेब्रुवारीवरून जाणारे. दुसरा शनिवार मध्ये असलेले आणि पाचवा शनिवार मध्ये असलेले. शेवटची तारीख रिकामी असलेले. शेवट सुरुवातीच्या आधी पडलेले, अशी प्रकरणे नोंदीच्या चुकीने येतातच, आणि त्यांना ऋण आकडा देण्यापेक्षा ‘तारीख तपासा’ असा शेरा द्यावा. लेखाच्या सुरुवातीचे २५ ऑगस्टचे उदाहरणही यात घ्या. एका ओळीत गणेश चतुर्थी, पाचवा शनिवार आणि जिल्ह्यागणिक हललेली ईद तपासून होते.

डिसेंबरमध्ये कॅलेंडर टेबलची शेवटची तारीख पाहा. ती ३१ डिसेंबर असेल तर जानेवारीत संपणाऱ्या मुदती रिकाम्या येतील. पुढच्या वर्षाची अधिसूचना हातात आली नसेल तर फक्त आठवड्याच्या सुट्ट्या आणि ठाम तारखांच्या सुट्ट्या भरा, कारणाच्या कॉलमात ‘तात्पुरते’ लिहा, आणि यादी आली की पूर्ण करा.

आणि प्रत्येक रिपोर्टाच्या तळाशी मोजणीचा नियम छापा, लहान अक्षरांत का होईना. तो असा असू शकतो: ‘कामकाजी दिवस पुणे कचेरीच्या कॅलेंडरनुसार. शनिवार, रविवार आणि मनुष्यबळ विभागाच्या यादीतील सुट्ट्या वगळून. तक्रार आलेला दिवस धरलेला नाही, निकालाचा दिवस धरला आहे. सायंकाळी ६ नंतर आलेली तक्रार पुढील कामाच्या दिवसाची. सर्व वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार.’ त्याखाली सुट्ट्यांची यादी शेवटची कधी बदलली ती तारीख, आणि ती बदलण्याची जबाबदारी ज्याच्याकडे आहे त्याचे पद.